हंगाम अर्ध्यावर असताना: एका हौशी ई-स्पोर्ट्स मालिकेचा शेवट कसा ठरला

हे प्रकरण खरं आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, एखाद-दुसरा किरकोळ तपशील बदललाही आहे. मालिका चालवणाऱ्या तिघांशी झालेलं बोलणं, डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरच्या त्यांच्या घोषणा आणि गुणांचा तक्ता यांवरून ते मांडलं आहे. हौशी स्पर्धा सुरू कशी करावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. बंद करायची वेळ आली की मात्र जो तो आपल्या परीने निस्तरतो, म्हणून इथे भर शेवटावर आहे.

पार्श्वभूमी

मालिका ऑनलाइन होती, फायटिंग गेमची. सुरुवात ‘स्ट्रीट फायटर ५’वर झाली. तेव्हा बत्तीस जागा, डबल एलिमिनेशन (दोनदा हरला की बाद), प्रवेश फुकट, बक्षीस म्हणजे डिस्कॉर्डवर नावापुढे एक रंगीत खूण. चालवणारे तिघे. एक मुख्य आयोजक, दुसरी ब्रॅकेट (सामन्यांची मांडणी) आणि चेक-इन (हजेरी) सांभाळणारी सहकारी, तिसरा स्ट्रीम (थेट प्रक्षेपण) आणि कॉमेंट्री बघणारा. स्पर्धा दर पंधरवड्याला. चुकली तरी कुणी जाब विचारत नसे, कारण कुणाला काही देणं नव्हतं.

२ जून २०२३ रोजी ‘स्ट्रीट फायटर ६’ आला आणि चित्र पालटलं. नवा गेम, चांगलं नेटकोड (ऑनलाइन सामना अडखळू न देणारी यंत्रणा), पीसी आणि कन्सोलवाले एकमेकांशी खेळू शकतात. नोंदणी उघडली की तासाभरात जागा भरू लागल्या. तिघांनी तेव्हा तीन गोष्टी एकदम केल्या. जागा चौसष्ट केल्या. छोटी प्रवेश फी लावली. आणि सुट्या स्पर्धांना ‘हंगाम’ केलं: दहा स्पर्धा, प्रत्येक स्पर्धेत क्रमांकानुसार गुण, दहापैकी सर्वोत्तम सहा निकाल धरायचे आणि गुणतक्त्यातले पहिले आठ जण हंगामाच्या अंतिम स्पर्धेला. प्रत्येक फीचा पाचवा हिस्सा त्या अंतिम स्पर्धेच्या पॉटमध्ये, म्हणजे बक्षिसाच्या रकमेत, बाजूला पडणार होता.

यातला तिसरा निर्णय सगळ्यात हलक्याने घेतला गेला आणि सगळ्यात जड तोच पडला. सुटी स्पर्धा रात्री संपली की संपली. हंगामातली स्पर्धा संपली तरी तिचे गुण, तिच्या फीतला हिस्सा आणि अंतिम स्पर्धेचं वचन पुढच्या स्पर्धेवर चढत जातं. तिघांना हे कळलं ते थेट दुसऱ्या हंगामात, सहावी स्पर्धा आटोपल्यावर.

अडचण कुठे होती

वरवर पाहता अडचण दोन शब्दांत सांगता येते: खेळाडू घटले, आयोजक दमले. दोन्ही खरं आहे, पण त्यातून फारसं हाती लागत नाही.

खेळाडू घटणं अपेक्षितच होतं. नव्या गेमची पहिली लाट ओसरतेच. चौसष्ट जागांवर तिशीच्या आत-बाहेर नावं येऊ लागली, त्यातली काही चेक-इनच करत नसत. एवढ्या लोकांत उत्तम स्पर्धा होते. पूर्वी बत्तीसात मजेत व्हायचीच. पण पाटी चौसष्टची असल्यामुळे निम्मी रिकामी दिसायची आणि आयोजकाच्या मनाला तेच लागून राहायचं.

दमण्याचं गणित जरा उलगडून बघण्यासारखं आहे. बत्तीस जणांच्या डबल एलिमिनेशनमध्ये ६२ सामने होतात, ग्रँड फायनल रीसेट झाली, म्हणजे तोवर न हरलेला तिथे हरल्याने ती पुन्हा खेळावी लागली, तर ६३. ऑनलाइन स्पर्धेत सेटअपची (खेळायच्या यंत्रांची) टंचाई नसते, प्रत्येकजण आपापल्या घरून खेळतो, त्यामुळे सामन्यांची एकूण संख्या फारशी छळत नाही. छळते ती साखळी, म्हणजे एकामागून एकच होऊ शकणारे टप्पे. पहिल्याच फेरीत हरलेला खेळाडू लूझर्समधून (एकदा हरलेल्यांच्या फळीतून) वर येत ग्रँड फायनल गाठतो तेव्हा दहा सामने खेळलेला असतो, रीसेट झाली तर अकरा. स्पर्धेचा कमीत कमी वेळ या साखळीवर ठरतो. साखळीतला एखादा गडी जागेवर नसला, त्याला दहा मिनिटांची मुदत देऊन मग डीक्यू (अपात्र) केलं, तर ती दहा मिनिटं पुढच्या सगळ्यांच्या वाट्याला येतात.

त्यावर स्ट्रीमची भर. टॉप एटचे, म्हणजे शेवटच्या आठ जणांतले, सगळे सामने प्रेक्षकांना दिसलेच पाहिजेत असा यांचा आग्रह. टॉप एटमध्ये किमान दहा सामने असतात. एरवी त्यातले बरेच एकाच वेळी उरकता येतात, पण स्ट्रीमवर एकामागून एक घ्यायचे, तेही पाचात तीनचे, म्हणजे सामन्यामागे बदलाबदलीसह पंधरा मिनिटं धरली तरी अडीच तास. संध्याकाळी सुरू झालेली स्पर्धा मध्यरात्र ओलांडायची ती इथे.

त्यात सहकारीचं शिक्षण शेवटच्या टप्प्यावर आलं आणि तिने रात्रीचं काम सोडलं. नोंदणी, सीडिंग (ताकदीनुसार क्रम लावणं), चेक-इन, डीक्यू, लॅगच्या (जोडणी अडखळण्याच्या) तक्रारी, गुणांचा तक्ता, बक्षिसाचे पैसे, सगळं मुख्य आयोजकाकडे आलं. ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये समोरचा वाय-फायवर आहे की वायरवर ते खुणेने दिसतं, त्यामुळे लॅगचे वाद निदान लवकर मिटत, तरी मिटवायला कुणीतरी जागं लागतंच.

सहाव्या स्पर्धेत ग्रँड फायनलला पोचलेल्या एकाने, सकाळी कामावर जायचंय, असं लिहिलं आणि तो निघून गेला. फायनल डीक्यूने लागली. त्याच रात्री आयोजकाने घोषणा लिहिली: मालिका आजपासून बंद. टाकण्याआधी ती स्ट्रीमवाल्याला दाखवली. त्याने एकच विचारलं, पॉटचं काय करायचं?

घोषणा तिथे थांबली. या प्रकरणातलं पहिलं निर्णायक वळण हेच, आणि ते निव्वळ दुसऱ्या माणसाला मजकूर दाखवण्याच्या सवयीमुळे आलं.

हंगामाचं देणं

पुढचे दोन-तीन दिवस तिघांनी (सहकारी रात्रीच्या कामाला नसली तरी चर्चेला होती) एकच प्रश्न घोळवला: आत्ता थांबलो तर कुणाचं काय देणं लागतो?

पैशाचं देणं उघड होतं. सहा स्पर्धांच्या फीतला पाचवा हिस्सा आयोजकाच्या खात्यात पडून होता, त्याच्या स्वतःच्या पैशात मिसळलेला. तो परत करायचा म्हटलं तर कित्येक जणांना अगदी छोट्या रकमा पाठवाव्या लागणार, काहींच्या रकमेपेक्षा पाठवणावळ मोठी, आणि काहीजण डिस्कॉर्ड सोडून कधीच गेलेले. गुणतक्त्यातल्या पहिल्या आठांना वाटून टाकावा, तर न खेळलेल्या स्पर्धेचं बक्षीस दिल्यासारखं झालं असतं.

गुणांचं देणं जास्त नाजूक होतं आणि ते आधी कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. नियम होता दहापैकी सर्वोत्तम सहा. म्हणजे खेळाडूला चार स्पर्धा चुकवायची किंवा वाईट खेळायची मुभा. हंगाम सहावर तोडला की सहाच्या सहा निकाल मोजले जाणार आणि मुभा शून्य. ज्यांनी नियम वाचून, पुढे वेळ आहे म्हणून, सुरुवातीच्या एक-दोन स्पर्धा सोडल्या होत्या त्यांना नियमानेच फसवलं असतं. तक्ता दोन्ही पद्धतींनी मांडून बघितला तेव्हा पाचव्या ते दहाव्या क्रमांकात मोठी उलथापालथ निघाली.

स्ट्रीमवाल्याने ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ या निन्तेंदो कंपनीच्या गेमच्या स्मॅश वर्ल्ड टूर या मालिकेची आठवण काढली. त्या मालिकेच्या आयोजकांनी २९ नोव्हेंबर २०२२ रोजी, डिसेंबरातल्या अंतिम स्पर्धेला जेमतेम दीड आठवडा असताना, ती स्पर्धा आणि २०२३ चा हंगाम रद्द झाल्याचं जाहीर केलं होतं. तिथली कारणं वेगळी होती, गेमच्या मालक कंपनीच्या परवानगीशी जोडलेली, आणि व्याप्तीही कितीतरी मोठी. पण वर्षभर पात्रतेसाठी खेळून शेवटी अंतिम स्पर्धाच नाही, हे खेळाडूला कसं लागतं ते तिघांनीही तेव्हा पाहिलं होतं.

समोर असलेले पर्याय

जसं आहे तसं रेटायचं, हा पर्याय कुणी मांडलाच नाही.

स्वरूप बदलून श्रम कमी करायचे, यावर बराच खल झाला. स्विस पद्धत (कुणी बाद होत नाही, दर फेरीत साधारण सारखी कामगिरी असलेले भिडतात) घेतली तर बत्तीस जणांच्या पाच फेऱ्या आणि मग टॉप एटचं साधं नॉकआउट, मिळून आठ टप्पे. सामने वाढून ८७ होतात, पण साखळी दहा-अकरावरून आठवर येते आणि नवख्यालाही दोन सामन्यांत बाहेर न पडता पाच खेळायला मिळतात. तोटा असा की प्रत्येक फेरी सर्वात संथ सामन्यासाठी खोळंबते. माझ्या मते हौशी स्पर्धेला स्विस पुष्कळदा जास्त मानवते. इथे मात्र गुणांचा तक्ता डबल एलिमिनेशनच्या क्रमांकांवर बेतलेला होता, त्यात नववा ते बारावा सारखेच धरतात. हंगामाच्या मध्यात पद्धत बदलली तर आधीच्या आणि नंतरच्या गुणांची तुलनाच राहिली नसती. म्हणून तो बाजूला पडला, आणि ते बरोबर झालं.

प्रायोजक शोधायचा, हा विचार लवकर मावळला. पैसा कमी पडत नव्हता, माणसं कमी पडत होती. शिवाय प्रायोजक आला की पुढच्या हंगामाचं वचन आलं. प्रकाशक कंपन्यांचे हौशी स्पर्धांसाठीचे नियमही एकसारखे नसतात. फी, बक्षीस, प्रायोजक यांवर कुठे ना कुठे मर्यादा असतेच. निन्तेंदोने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या नियमांत तर प्रत्यक्ष स्पर्धेला २०० आणि ऑनलाइनला ३०० खेळाडूंची कमाल संख्याही आहे. प्रायोजक घेण्याआधी आपल्या गेमचे असे नियम नीट वाचावे लागले असते, आणि तेवढा उत्साह कुणात उरला नव्हता.

मालिका दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची, हा मोहाचा पर्याय होता, कारण एक नियमित खेळाडू स्वतःहून पुढे आला होता. त्याची इच्छा खरी होती, पण त्याने आजवर एकही ब्रॅकेट चालवलं नव्हतं. हंगामाच्या मध्यात त्याच्या हाती फक्त काम गेलं नसतं, तर दुसऱ्यांनी दिलेली वचनं आणि दुसऱ्याच्या खात्यातला पॉटही गेला असता. शिवाय तो स्वतः गुणतक्त्यात पहिल्या आठांत होता. स्वतःच खेळायचं आणि स्वतःच डीक्यू करायचं, हे कितीही प्रामाणिकपणे केलं तरी दिसायला वाईट.

उरला शेवटचा: शेवट आजच जाहीर करायचा, हंगाम आटोपशीर करून पुरा करायचा आणि मग थांबायचं.

काय केलं

दहाऐवजी आठ स्पर्धा घ्यायच्या ठरल्या. हा आकडा अंदाजाने आला नव्हता. सर्वोत्तम सहाचा नियम तसाच ठेवून प्रत्येकाला निदान दोन निकाल सोडायची मुभा मिळावी, हा हिशोब त्यामागे होता. दहाच पुऱ्या करणं जास्त न्याय्य झालं असतं, पण तेवढी ताकद नव्हती आणि आयोजकाने तसं स्पष्ट सांगितलं.

दोन स्पर्धा कमी झाल्याने ज्यांची वर येण्याची संधी हुकली, त्यांच्यासाठी अंतिम स्पर्धेच्या आदल्या दिवशी एक खुली पात्रता फेरी ठेवली, दोन जागांची. पहिल्या मसुद्यात या दोन जागा आठांतूनच काढल्या होत्या: गुणांवर सहा, पात्रतेतून दोन. घोषणा होताच सातव्या क्रमांकावरच्या खेळाडूने नियमाचा मूळ मजकूर चिकटवला, पहिले आठ. त्याचं म्हणणं बिनतोड होतं. दुसऱ्या दिवशी अंतिम स्पर्धा दहा जणांची झाली, आठ अधिक दोन. सोळाच्या ब्रॅकेटमध्ये दहा जण बसवल्याने गुणांत वरच्या सहांना पहिल्या फेरीत बाय (न खेळता पुढची चाल) मिळाला, आणि तेही ठीकच; हंगामभर खेळल्याचं काहीतरी फळ हवं.

उरलेल्या स्पर्धांसाठी नियम न बदलता फक्त चालवण्याची रीत बदलली. स्ट्रीमवर विनर्स फायनल, लूझर्स फायनल आणि ग्रँड फायनल एवढेच सामने. बाकीचे सगळे एकाच वेळी सुटे. टॉप एटची दहा सामन्यांची रांग पाच टप्प्यांवर आली आणि स्पर्धा तासाभराहून लवकर संपू लागली. हे दीड वर्ष आधी का सुचलं नाही, असं मी विचारलं. स्ट्रीमवाला म्हणाला, की टॉप एट पूर्ण दाखवतो ही आमची ओळख होती. बघणारे किती होते, हे मी विचारलं नाही.

घोषणेच्या मजकुरावर सहकारीने मेहनत घेतली. सुरुवातीलाच चार गोष्टी: किती स्पर्धा उरल्या, अंतिम स्पर्धा कोणत्या तारखेला, पॉट किती आणि कुठे, डिस्कॉर्डचं पुढे काय. कारण त्यानंतर, तेही दोन ओळींत: चालवणारे दोघेच उरलो आहोत, आणि दोघांना हे नीट जमत नाही. ‘वैयक्तिक कारणास्तव’ हा नेहमीचा शब्दप्रयोग तिने मुद्दाम टाळला, कारण त्याखाली लोक आपापली गोष्ट रचतात.

तरीही एक कुजबुज उठलीच, की पॉट खाऊन पळतायत. उत्तरादाखल त्यांनी स्पर्धानिहाय जमा-खर्च टाकला. तो मांडतानाच चौथ्या स्पर्धेचा पॉटचा हिस्सा बाजूला काढायचा राहून गेल्याचं निघालं. आयोजकाने तो खिशातून भरला आणि भरल्याचंही त्याच तक्त्यात लिहिलं. कुजबुज थांबली.

परतीचा मोह

शेवट जाहीर झाल्यावरच्या सातव्या स्पर्धेच्या जागा पुन्हा भरल्या, कित्येक महिन्यांनी. जुने खेळाडू परतले, चॅटमध्ये आठवणी निघाल्या. स्पर्धा वेळेत संपली. दुसऱ्याच दिवशी स्ट्रीमवाल्याने सुचवलं, की आता रीत सुधारली आहे, माणसं आली आहेत, तर शेवटाचा फेरविचार करूया का.

मला हे वळण पहिल्या वळणाइतकंच महत्त्वाचं वाटतं. आयोजकाने नाही म्हटलं. त्याचं म्हणणं असं: ही गर्दी निरोपाला आलेली आहे, निरोप रद्द केला की तीही जाईल. आणि शेवट जाहीर करून मागे घेतला तर पुढच्या वेळी आपल्या तारखेवर कुणी विश्वास ठेवणार नाही. पहिला मुद्दा तर्क होता, तो खरा होता की नाही कळायला मार्ग नाही. दुसरा मात्र पक्का होता. लोकांनी त्या तारखेवर विसंबून वेळ काढला होता.

निष्पत्ती

आठवी स्पर्धा, पात्रता फेरी आणि अंतिम स्पर्धा २०२४ च्या अखेरीस ठरल्या दिवशी झाल्या. अंतिम स्पर्धेतली बहुतेक बक्षिसं आठवड्याभरात पोचली. दोघांची मात्र बराच काळ अडकली, कारण पैसे कुठे पाठवायचे ते आधी विचारून ठेवलं नव्हतं.

सामन्यांच्या चित्रफिती ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या साइटवर होत्या. तिथल्या लहान चॅनेलची जुनी प्रक्षेपणं काही दिवसांतच पुसली जातात, त्यामुळे हायलाइट म्हणून जपलेलं तेवढंच उरलं होतं. ते सगळं यूट्यूबवर हलवलं. पुढे १९ एप्रिल २०२५ पासून ट्विचने हायलाइट आणि अपलोड मिळून १०० तासांची मर्यादा लावली, तेव्हा हे काम आधीच उरकलेलं असल्याचा फायदा झाला. गुणांचा तक्ता आयोजकाच्या खासगी स्प्रेडशीटमध्ये होता. त्याची फक्त बघता येणारी प्रत खुली केली.

पुढे आलेल्या त्या खेळाडूला नियमांचा मसुदा, घोषणांचे नमुने, सीडिंगची पद्धत, सगळं दिलं. मालिकेचं नाव दिलं नाही आणि डिस्कॉर्ड सर्व्हर (तिथली गटाची जागा) तोही दिला नाही. तो फक्त वाचण्यापुरता गोठवला. नाव न देण्याचं कारण पटतं: नव्या लोकांकडून काही बिनसलं तर तक्रार जुन्यांच्या दारी आली असती. सर्व्हर न देणं मला तितकंसं पटलेलं नाही. डिस्कॉर्डवर सर्व्हरची मालकी दुसऱ्याला देता येते, नावही बदलता येतं. नाव बदलून सर्व्हर सोपवला असता तर खेळाडू एकत्र राहिले असते. नव्या गटाने शून्यातून सर्व्हर काढला, त्यात जुन्यांतले थोडेच पोचले. आता तो गट महिन्यातून एकदा, हंगाम-गुण काही न ठेवता, स्विस पद्धतीने स्पर्धा घेतो.

वेगळं काय करता आलं असतं

तिघांना स्वतंत्रपणे विचारलं तर तीन उत्तरं आली. सहकारी म्हणते, हंगाम चार स्पर्धांचा हवा होता. दर पंधरवड्याला एक या हिशोबाने दहा स्पर्धा म्हणजे जवळपास पाच महिने. एवढ्या लांबची हमी तीन हौशी माणसांनी देऊ नये. चार स्पर्धा म्हणजे दोन महिने, आणि प्रत्येक हंगाम संपताना थांबायची एक सन्मानाची जागा आपोआप येते. स्ट्रीमवाला म्हणतो, जागा चौसष्ट करायला नको होत्या. साखळी फक्त दोन टप्प्यांनी लांबते हे खरं, पण चेक-इन, डीक्यू आणि तक्रारी दुप्पट होतात. आयोजक पॉटबद्दल बोलतो: पहिल्या दिवसापासून वेगळं खातं, आणि त्याचा हिशोब बघू शकणारा दुसरा माणूस.

मला सहकारीचं उत्तर सर्वात वजनदार वाटतं, कारण बाकीच्या दोन चुका छोट्या हंगामात निभावल्या असत्या. त्याला एक जोड द्यावीशी वाटते. फी घेणाऱ्या प्रत्येक मालिकेच्या नियमांत, अगदी पहिल्या हंगामापासून, थांबण्याचं एक कलम असावं. त्यात एवढं लिहिलेलं पुरे: हंगाम मध्येच थांबला तर किती स्पर्धांनंतरचे गुण ग्राह्य धरायचे, किती निकाल सोडायची मुभा राहील, पॉट कुणाला आणि किती दिवसांत जाईल, आणि सर्व्हरची मालकी कुणाकडे. नव्या गटाला मी हे सुचवलं. त्यांनी फी घेत नसल्याचं सांगून ते सध्या बाजूला ठेवलं आहे.